मधली अठ्ठावीस मिनिटे

आमच्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्ड आणि जमिनीच्या कागदांखाली, जांभळ्या पेन्सिलीचे एक बोटभर थोटूक होते. ओल लागली की जांभळी शाई सोडणारी ती पेन्सिल. लहानपणी मी ती जिभेला लावून भिंतीवर रेघोट्या मारू लागलो, तेव्हा त्या शांत माणसाने आयुष्यात एकदाच माझ्यावर हात उगारला. कारण कळायला मला पुढे दहा-बारा वर्षे लागली. वाचकहो, फराळाचे ताट पुढ्यात असताना असली हकीकत सांगू नये, हे मला समजते. पण ती मुंबईची आहे, आणि मुंबईलाच ती फारशी आठवत नाही.

साल १९४४, युद्धाचे दिवस. 'फोर्ट स्टिकिन' नावाचे सात हजार टनी जहाज विलायतेहून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा. कराचीला त्यावर ८७०० गाठी कापूस चढवलेला. शिवाय लाकूड, तेलाची पिंपे, सुके मासे आणि सोन्याच्या विटा! चुलीशेजारी घासलेटचा डबा दिसला तर आमची आजी घर डोक्यावर घेई; इथे मोठमोठ्या साहेबांनी कापसाशेजारी दारू भरली होती. असल्या जहाजाने लाल बावटा लावावा असा रिवाज, तोही लावला नव्हता.

१४ एप्रिल, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमारास आसपासच्या काहींना जहाजातून धूर येताना दिसला. पण कोणी बोलले नाही. दोननंतर बंब आले. नऊशे टनांवर पाणी ओतले, तरी आगीचे मूळ सापडेना. चार वाजून सहा मिनिटांनी जहाज फुटले. त्या हादऱ्याची नोंद दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. जळत्या कापसाचे लोळ वखारींवर आणि चाळींवर पडले. एक सोन्याची वीट मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात जाऊन पडली आणि त्यांनी ती इमानाने परत केली. या स्फोटाचे नाव काढले की लोक ती वीटच सांगतात. मला सांगायचे आहे ते त्यानंतरच्या अठ्ठावीस मिनिटांचे.

आजोबा तेव्हा एकवीस वर्षांचे, गिरणीत कारकून आणि ए. आर. पी.चे स्वयंसेवक. जपानी विमाने येणार म्हणून शहरात स्ट्रेचर, पट्ट्या, पहारेकरी, सगळी तयारी होती. विमाने आली नाहीत, तयारी मात्र कामाला आली. त्यांच्या शिकवणीत असे होते: फार रक्त जात असेल तर वरच्या अंगाला दोरी आवळून बांधायची आणि जखमीच्या कपाळावर जांभळ्या पेन्सिलीने इंग्रजी 'टी' लिहायचा. बांध फार वेळ राहिला तर हातपाय निकामी होतो. इस्पितळात गर्दीतही डॉक्टरांच्या तो नजरेत यावा, म्हणून हे कपाळ. ज्याला तातडीने न्यायचे, त्याला फुली.

मशीद बंदरच्या बाजूला त्यांना दोन हमाल सापडले. एकाची मांडी फाटलेली. दुसरा भिंतीला टेकून बसलेला, अंगावर ओरखडा नाही. "त्यानं पाणी मागितलं, बाबू," आजोबा म्हणाले. "मी म्हटलं, आलोच. तो म्हणाला, ह्याला न्या आधी." पहिल्याच्या कपाळावर त्यांनी 'टी' काढला आणि सोबत्याच्या मदतीने त्याला रस्त्यावरच्या लॉरीत चढवले. परत वळतात तो चार चौतीस झाले होते. दुसरा स्फोट पहिल्याहून मोठा. आजोबा लॉरीच्या आडोशाला फेकले गेले म्हणून वाचले. ती भिंत उरली नव्हती.

पहिल्या स्फोटानंतर मदतीला धावलेलेच दुसऱ्यात सापडले. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आजही १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. मृतांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितला जातो, जखमी अडीच हजारांच्या घरात. आगी विझायला तीन दिवस लागले आणि गोदी साफ करायला सुमारे सात महिने. सेन्सॉरमुळे इथल्या बातमीदारांच्या तोंडाला कुलूप. सविस्तर बातमी दुसऱ्याच दिवशी दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने!

पुढे कधीतरी मी एका डॉक्टर स्नेह्याला त्या भिंतीला टेकलेल्या माणसाविषयी विचारले. ते म्हणाले, स्फोटाच्या दाबाने फुफ्फुस आतून फाटते; बाहेर काहीच दिसत नाही, माणूस बोलतो, पाणी मागतो, आणि तासाभरात जातोही. तो तसाच होता की धडधाकट होता, हे कोण सांगणार? मी हे आजोबांना सांगितले. वाटले होते, त्यांना बरे वाटेल. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे फुली त्याच्या कपाळावर हवी होती."

तिसऱ्या दिवशी ते 'टी'वाल्याला शोधायला जे. जे. इस्पितळात गेले होते. व्हरांड्यातसुद्धा खाटा होत्या. एकेका खाटेशी वाकून त्यांनी पाहिले. पण परिचारिकांनी सगळ्यांची तोंडे स्वच्छ पुसून काढली होती, आणि चेहरा काही त्यांना आठवत नव्हता.