पुढे सीट नसलेलं वाहन: ओढगाडी, प्रवासी आणि कायदा

या मालिकेत आपण रस्त्यावरच्या कायद्यांचा इतिहास पाहतो आहोत. आजचा प्रश्न छोटा वाटेल. एका वाहनाने दुसरं वाहन ओढत नेलं, तर त्या मागच्या वाहनात माणसं बसवावीत का?

सुरुवात इंग्लंडपासून करू, कारण हौसेखातर घर ओढत फिरायची चाल तिथे लवकर रुजली. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स या नौदलातल्या निवृत्त डॉक्टरांनी ‘वाँडरर’ नावाची कॅराव्हॅन बांधून घेतली. ती दोन घोडे ओढत. हाकणारा आणि आत बसणारा एकाच गाडीवर असत. १९१९ मध्ये एकल्स कंपनीने मोटारीमागे जोडायची कॅराव्हॅन विकायला आणली आणि चित्र बदललं. चालक पुढच्या गाडीत, घर मागच्या. आत कोणी पडलं, ओरडलं, तर चालकाला कळणार कसं?

त्यात वजनाचा प्रश्न. सामान मागच्या टोकाला जास्त झालं की जोडावरचा भार हलका होतो, वेग वाढताच मागची गाडी सापासारखी डोलू लागते आणि पुढच्या मोटारीलाही खेचते. म्हणून ब्रिटनमध्ये नियम कडक आहेत. चालत्या दोन चाकी कॅराव्हॅनमध्ये कोणी बसायचं नाही. महामार्गावर मोटारीला ताशी ७० मैलांची मुभा, पण मागे कॅराव्हॅन असेल तर ६०.

हा नियम पाळणं तिथे अवघड नाही. कुटुंब उठतं आणि पुढे मोटारीत जाऊन बसतं.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्र सरकारचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मधलं. पण ओढत नेलेला संसार आपण त्याच्या कितीतरी आधीपासून पाहत आलो आहोत. दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. ट्रॉलीत कोपीचं सामान, भांडीकुंडी, बाजरीची पोती, कधी शेळ्या आणि या सगळ्यावर बसलेली बायामाणसं, लेकरं.

कायदा या ट्रॉलीकडे कसा बघतो? १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा ‘मोटार वाहन’च आहे, म्हणजे नोंदणी त्याचीही हवी. पण ट्रॉली मालासाठी, माणसांसाठी नाही. आणि ट्रॅक्टरवरही चालकाशिवाय कोणाला बसवू नये, असं १९८९ च्या रस्ता नियमांनी सांगितलं. इथेच फरक पडतो. ट्रॅक्टरला पुढे दुसरी सीटच नाही. मागे बसू नका म्हटलं, तर मजुराने बसायचं कुठे?

अपघात झाला की हा प्रश्न विम्यापाशी येतो. तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा करण्याची तरतूद १९३९ च्या कायद्यात होती. ती अमलात आली १९४६ मध्ये. पण मालवाहू वाहनात बसलेला माणूस ‘तिसरा पक्ष’ ठरतो का? १९९९ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने सतपाल सिंग खटल्यात विमा कंपनीला जबाबदार धरलं. तीनच वर्षांनी, डिसेंबर २००२ मध्ये, आशा राणी खटल्यात मोठ्या पीठाने तो निर्णय फिरवला. १९९४ च्या दुरुस्तीने मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला संरक्षण दिलं होतं. नुसत्या प्रवाशाला मात्र नाही.

२००७ चा ब्रिजमोहन खटलाही लक्षात ठेवण्याजोगा आहे. मातीच्या ट्रॉलीवरून पडून एक मजूर जखमी झाला होता. विमा शेतीकामापुरता, त्यामुळे कायद्याने कंपनी जबाबदार नाही, असं न्यायालय म्हणालं. तरीही विशेष अधिकार वापरून कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश दिला. मजुराची गरिबी न्यायालयाला दिसली, पण ती दिसण्यासाठी त्याला थेट दिल्लीपर्यंत जावं लागलं.

नियम चुकीचा आहे, असं आमचं म्हणणं नाही. ट्रॉलीत माणसं बसवणं धोक्याचंच आहे. पण ट्रॉली मजूर ठरवत नाही, ती मुकादम आणि कारखान्याची व्यवस्था ठरवते. सामानासाठी ट्रॉली आणि माणसांसाठी बस, एवढी सोय करणं ज्यांच्या हातात आहे, जबाबदारीही आधी त्यांच्यावर यायला हवी. बंदीसोबत बसायची जागा दिली नाही, तर नियम कागदावर राहतो आणि भरपाईचा दावा मात्र त्याच नियमावर बोट ठेवून नाकारला जातो.

पुढच्या व्याख्यानात आपण एसटीच्या प्रवासी नियमांकडे वळू.