पन्नाचा वाघ आणि त्याच्यामागे चालणारी माणसे

पन्ना म्हटले की आपणा मराठी माणसांना छत्रसाल आठवतो, बाजीराव आठवतात आणि पाठोपाठ मस्तानी. १७२९ साली वृद्ध छत्रसालाच्या हाकेला धावून बाजीराव बुंदेलखंडात आले, ही गोष्ट जबलपुरातल्या मराठी घरांतील मुलांनाही तोंडपाठ असते. याच पन्नाच्या जंगलात अलीकडे आणखी एक इतिहास घडला. त्यात राजा नाही की सेनापती नाही. खाकी वर्दीतले वनरक्षक, चौकीदार आणि माहूत यांचा तो इतिहास आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने तो आपल्यापुढे ठेवावासा वाटला.

केन नदीच्या दोन्ही तीरांवरचे हे जंगल पूर्वी पन्ना, छत्रपूर, बिजावर या संस्थानांचे शिकारीचे रान होते. १९८१ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९४ मध्ये व्याघ्रप्रकल्पात सामील झाले. १९९६ पासून डॉ. रघु चुंडावत यांनी येथील वाघांना रेडिओ कॉलर लावून अभ्यास केला. वाघ कमी होत आहेत, असा इशाराही त्यांनी दिला होता. पण २००६ च्या अंदाजात येथे पंधरा ते बत्तीस वाघ दाखवले गेले. तीनच वर्षांनी, २००९ मध्ये, पन्नात एकही वाघ उरला नसल्याचे मान्य करावे लागले. त्याआधी राजस्थानातील सरिस्काची हीच गत झाली होती. कागदावरचा वाघ आणि रानातला वाघ यांत केवढे अंतर पडू शकते, हे तेव्हा साऱ्या देशाला कळले.

त्याच वर्षी मार्चमध्ये बांधवगड आणि कान्हा येथून एकेक वाघीण पन्नात आणली गेली. नोव्हेंबरात पेंचहून एक तरुण नर आला. कागदोपत्री त्याचे नाव टी-३. थोड्याच दिवसांत या पाहुण्याला घराची ओढ लागली आणि तो उद्यान सोडून दक्षिणेकडे, पेंचच्या दिशेने चालू लागला. क्षेत्रसंचालक श्रीनिवास मूर्ती यांच्या नेतृत्वाखाली कर्मचाऱ्यांचा मोठा ताफा हत्तींसह त्याच्यामागे निघाला. शेते, गावे, रस्ते ओलांडत वाघ पुढे आणि ही माणसे मागे. दिवसरात्र पाळ्या लावून कॉलरचा आवाज ऐकायचा, गावकऱ्यांना सावध करायचे, वाघाला कोणी डिवचणार नाही याची काळजी घ्यायची. जवळजवळ महिनाभर हा पाठलाग चालला. आपल्या शेजारच्या दमोह जिल्ह्यापर्यंत वाघ पोहोचला होता. अखेर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याला बेशुद्ध करून परत आणले. तो पुन्हा निघून जाऊ नये म्हणून वाघिणीचे मूत्र झाडांवर शिंपडून त्याला तिच्याकडे वळवण्याची युक्ती योजली गेली. ती फळाला आली. १६ एप्रिल २०१० रोजी बांधवगडहून आलेल्या वाघिणीने पिलांना जन्म दिला. २०२२ च्या गणनेपर्यंत पन्नातील वाघांची संख्या पन्नाशीच्या पुढे गेली होती.

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब पन्नाला गेलो होतो. दोन फेऱ्या झाल्या तरी वाघ दिसला नाही म्हणून मी जरा नाराजीनेच फाटकावरच्या वनरक्षकाशी बोलत होतो. तो हसून म्हणाला, "काकाजी, मलाही कित्येक दिवसांत दिसलेला नाही. पण आज पहाटे तो कुठून गेला, ते मला ठाऊक आहे." मग त्याने आपला दिनक्रम सांगितला आणि माझी नाराजी कुठल्या कुठे गेली.

आपण सरसकट 'रेंजर' म्हणतो. पण रेंजर हा एका परिक्षेत्राचा अधिकारी. त्याच्या हाताखाली डेप्युटी रेंजर, आणि रानाशी रोजचा संबंध येतो तो बीटवरच्या वनरक्षकाचा. दोन-तीन माणसांची चौकी, एक वायरलेस, हातात लाठी. पहाटे निघून बीट पायी फिरायची. पाऊलवाटेवरच्या मऊ धुळीत पंजाचे ठसे पाहायचे, ते नर-मादी कोणाचे, ताजे की शिळे, हे नोंदवायचे. हिवाळ्यात तारेचे फास आणि विजेच्या तारांवर टाकलेले आकडे शोधायचे. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर नजर ठेवायची, कारण आटत्या पाण्यात विष कालवणारे असतात. मोहाच्या दिवसांत वणवा. झाडाखालचा पाला जाळण्यासाठी लावलेली काडी सारे रान पेटवू शकते, आणि तेव्हा हिरव्या फांद्यांनी आग झोडपत रात्र काढावी लागते.

पावसाळ्यात आपल्यासाठी उद्यानाचे दरवाजे बंद होतात, ते ऑक्टोबरात उघडतात. पर्यटकांची वर्दळ नसते, नाल्यांना पूर येतो, गाड्या जात नाहीत; शिकाऱ्याला हेच हवे असते. म्हणून पावसाळी गस्त सर्वांत महत्त्वाची. चौकीत आठवड्याचे धान्य भरून ही मंडळी चिखलातून, जळवा-सापांतून हिंडतात. चिखलात जीप थांबते तिथे हत्ती उपयोगी पडतो. "सणाला घरी जाता का?" असे मी त्या वनरक्षकाला विचारले. तो म्हणाला, "गणपती, नवरात्र आम्ही वायरलेसवरच ऐकतो."

आपण इथे मांडवात आरती करत असतो, त्याच वेळी दीड-दोनशे किलोमीटरवर तो भर पावसात बीट फिरत असतो, हे माझ्या कधी मनातच आले नव्हते.

१७३० साली राजस्थानातील खेजडली येथे झाडे वाचवताना ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ ११ सप्टेंबर हा राष्ट्रीय वन हुतात्मा दिन म्हणून २०१३ पासून पाळला जातो. कर्तव्य बजावताना मरण पावलेल्या वनकर्मचाऱ्यांची त्या दिवशी आठवण केली जाते. हा दिवस अनेकदा गणेशोत्सवाच्या आसपासच येतो. मंडळाच्या कार्यकर्त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की एका संध्याकाळच्या आरतीनंतर दोन मिनिटे या माणसांसाठी द्यावीत. आणि पुढच्या वेळी जंगलात जाऊन वाघ न दिसता परत आलात, तर फाटकावरच्या वनरक्षकाला रामराम करायला विसरू नका. वाघ आहे, हे तो सांगेल.

गणपती बाप्पा मोरया!