परत गेलेला हंडा

मोहोपाड्याच्या आमच्या दुकानामागे एक खोली होती. घरात तिला भांड्यांची खोली म्हणत. हंडे, घागरी, पराती, एखादं तपेलं. प्रत्येकाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर आजोबांच्या हातचं नाव, वाडी आणि पायल्यांचा आकडा. दुकान किराण्याचं, पण खरी कमाई त्या खोलीची. आषाढात वाडीवरच्या बायका भांडं ठेवून भात न्यायच्या आणि दिवाळीनंतर पायलीला दीड पायली फेडायच्या. याला दिढी म्हणत. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि त्या खोलीत लपाछपी खेळायचो.

आणीबाणी लागून दोन महिने होत आले होते. 22 ऑगस्ट 1975 ला राज्य सरकारचा कर्जमुक्तीचा वटहुकूम निघाला. पुढे त्याचाच कायदा झाला. लहान शेतकरी, शेतमजूर, गावचा कारागीर, कामगार यांच्यावरचं सावकाराचं देणं व्याजासकट संपलं. गहाण टाकलेली जिन्नसही परत करायची. बँका आणि सहकारी सोसायट्यांची कर्जं मात्र यातून वगळलेली. सावकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1977 साली न्या. कृष्ण अय्यर यांनी कायदा उचलून धरला. आजोबा कुठेच गेले नाहीत. एका सकाळी त्यांनी खोलीचं कुलूप काढलं आणि ओटीवर भांडी मांडली. संध्याकाळपर्यंत ओटी रिकामी.

इथवरची गोष्ट लोक आनंदाने सांगतात. मला सांगायचंय ते पुढच्या आषाढाचं.

कातकरवाडीतली एक बाई आदल्या वर्षी परत नेलेला हंडा डोक्यावर घेऊन पुन्हा दारात आली. हंड्याच्या काठाला एक पोचा होता, म्हणून मी ओळखला. ‘‘शेट, ठेवा हा. आवणीपुरतं भात द्या.’’ आजोबा म्हणाले, ‘‘बाय, सरकारने बंद केलंय. मला तुरुंगात घालतील.’’ त्यांच्या आवाजात भीती होती तशी थोडी खुशीही होती, हे आज कळतं. ती दिवे लागेपर्यंत पायरीवर बसून राहिली. आजीने मागच्या दाराने अधोलीभर तांदूळ दिले. कायद्याने जुनं देणं पुसलं होतं, पण पावसाळा काही पुसला नव्हता.

कायदा आला की व्यवहार दुसरी वाट काढतो, हे आधीही झालेलं. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, म्हणून 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. कोर्टं कर्जरोख्यामागचा खरा व्यवहार तपासू लागली, तेव्हा सावकारांनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतं लिहून घेतली. आमच्याकडे तर कागदही लागला नाही.

आमच्याकडे आली वीटभट्टीची उचल. पावसाळ्यात मुकादम रोख पैसे द्यायचा. दिवाळीनंतर अख्खं कुटुंब भट्टीवर, मे संपेपर्यंत. मे अखेर हिशेब व्हायचा आणि काहीतरी ‘अंगावर’ राहायचंच. भात फिटायचं तरी, हे फिटेना. यासाठीही 1976 चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा होताच, पण उचलीला कोणी कर्ज म्हणत नव्हतं. आदिवासी विकास महामंडळाची खावटी, म्हणजे पावसाळ्यातल्या धान्यासाठीचं कर्ज, 1978 पासून सुरू झाली, ती यातलंच दुखणं ओळखून. माझ्या मते सगळ्यात शहाणी योजना तीच, कारण ती मागच्या देण्याचा नव्हे, येणाऱ्या पावसाचा विचार करायची. तिचं घोडं अडायचं ते वेळेवर. आषाढातला तांदूळ भाद्रपदात आला तर त्याचं काय करायचं?

गावातल्या ज्यांना शेजारच्या रसायनीच्या कारखान्यात चिकटता आलं, त्यांची वाट निराळी झाली. पगाराची चिठ्ठी असली की पतपेढी कर्ज देते. माझे वडील त्यातले. 2017 मध्ये सरकारने हिंदुस्थान ऑरगॅनिकचा रसायनीचा कारखाना बंद करायचं ठरवलं, तोवर आमची घरं बांधून झाली होती.

तो हंडा मी शेवटचा पाहिला तो दिवाळीनंतरच्या एका पहाटे, भट्टीकडे निघालेल्या ट्रकमध्ये. हंडा बाईच्या मांडीत, हंड्यात कोंबडीची दोन पिल्लं. काठाचा पोचा तसाच होता.