मुंबईची लोकल आणि आपली मेमू

परवा गंगाझरी स्टेशनवर कॉलेजचा एक पोरगा म्हणाला, "काका, मेमू म्हणजे मुंबईच्या लोकलची नक्कलच ना?" तेव्हा हसलो. पण मंडळी, गोष्ट तशी नाही.

३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला देशातली पहिली विजेची गाडी धावली. डबे फक्त चार, वीज १५०० व्होल्ट डीसी. वेगळं इंजिन नाही, मोटारी डब्याखालीच. त्यामुळे गाडी पटकन वेग घेते, पटकन थांबते आणि परत फिरताना इंजिन बदलावं लागत नाही. थोड्या थोड्या अंतरावर थांबणाऱ्या गाडीला हेच पाहिजे.

पण डीसीला दर काही किलोमीटरवर उपकेंद्र लागते. मुंबईत ते परवडलं. आपल्या जंगल-शेतातून शेकडो किलोमीटर कसं परवडणार? म्हणून १९५७ मध्ये रेल्वेने २५ हजार व्होल्ट एसी निवडली. तिच्यावरची पहिली गाडी डिसेंबर १९५९ मध्ये आजच्या झारखंडात राजखरसावां भागात धावली, ती दक्षिण पूर्व रेल्वेवर. तेव्हा आपलं गोंदियाही त्याच रेल्वेत होतं! मुंबईची शेवटची डीसी लोकल मात्र थेट एप्रिल २०१६ मध्ये बंद झाली. म्हणजे विजेच्या बाबतीत मुंबईच आपल्या वाटेवर आली.

याच एसी विजेवर १९९० च्या दशकात मेमू आली. जुन्या मेमूत चार डब्यांमागे एक मोटारीचा डबा. काम लोकलचंच, फक्त अंतर मोठं. एक्स्प्रेस गंगाझरी, काचेवानी सोडून पुढे जाते, मेमू थांबते. दवनीवाड्याच्या पोरांना, भाजीवाल्या बायांना, नागपूरला दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्यांना तीच परवडते.

मार्च २०२० मध्ये देशभर प्रवासी गाड्या थांबल्या. पॅसेंजर परत सुरू झाल्या त्या एक्स्प्रेसच्या भाड्याने. १० रुपयांचं किमान तिकीट ३० रुपये झालं, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये परत १० वर आलं. मजुरी करून रोज जाणं-येणं करणाऱ्याला त्या वीस रुपयांची किंमत विचारा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, कामासाठी गाड्या रद्द करायची वेळ आली की पहिला नंबर मेमूचा लागू नये. मुंबईत लोकल एक तास बंद पडली तर देशभर बातमी होते. आपली मेमू आठवडाभर आली नाही तरी कोणाला पत्ता नसतो.

तुमच्या घरून मेमूने कोण कुठे जातं, खाली लिहा. मागणी करताना ते सांगता येईल.