नळी काढताना येणारा खोकला: भूलशास्त्राची शेवटची दहा मिनिटं

मागे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या. मी नाशिकला द्वारका सर्कलजवळ राहतो, इथे रात्री अकरालाही शांतता मिळत नाही.

आजचा विषय घरातूनच आला. गेल्या वर्षी आईचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ मॅडम तिला तपासायला आल्या. मी इंजिनिअर माणूस, मोबाइलमध्ये प्रश्नांची यादी करून बसलो होतो. भूल किती तासांची? डोस कसा ठरवता? जाग नीट येईल ना? त्यांनी सगळ्याची शांतपणे उत्तरं दिली आणि म्हणाल्या, "एक विचारायचं राहिलं तुमचं. नळी काढताना काकू जोरात खोकल्या तर?"

मला हसूच आलं. खोकला? त्यात काय एवढं!

मग त्यांनी समजावलं. पूर्ण भूल दिली की श्वासासाठी तोंडातून श्वासनळीत एक नळी घालतात. हवा बाजूने निसटू नये म्हणून नळीच्या टोकाला छोटा फुगा असतो, तो आत फुगवतात. गाढ झोपेत शरीर हे सगळं सहन करतं. पण भूल उतरायला लागली की माणूस पुरता शुद्धीवर यायच्या आधीच घसा जागा होतो. त्याला कळतं, आत काहीतरी परकं आहे, आणि तो खोकून ते बाहेर फेकायला बघतो. त्या झटक्याने रक्तदाब वाढतो, मानेतल्या शिरा फुगतात. थायरॉइडचे टाके मानेतच. आत रक्तस्राव झाला तर साचलेलं रक्त श्वासनळीवरच दाबू शकतं. डोळ्याच्या आणि मेंदूच्या ऑपरेशनमध्येही हीच भीती.

त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून वाचत बसलो. आणि एक गोष्ट लक्षात आली. भूलशास्त्राचा इतिहास झोपवण्याच्या गोष्टींनी भरलेला आहे. उठवण्याबद्दल त्यात फार कमी सापडतं.

सगळ्यात गाजलेली तारीख म्हणजे १६ ऑक्टोबर १८४६. बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने इथर देऊन एका रुग्णाला भूल दिली आणि सर्जन वॉरेननी त्याच्या मानेवरची गाठ काढली. योगायोग बघा, तिथेही मानच. तो दिवस आजही जगभर साजरा होतो. पण तेव्हा नळी नव्हती. रुग्ण वाफ हुंगायचा आणि वाफ थांबली की आपोआप उठायचा.

नळी आली १८७८ मध्ये. ग्लासगोचे सर्जन विल्यम मॅकेवन यांच्यासमोर जिभेच्या मुळाशी गाठ असलेला रुग्ण होता. ऑपरेशन तोंडातच, मग भूल द्यायची कुठून? आणि रक्त श्वासनळीत उतरलं तर? त्यांनी रुग्ण जागा असतानाच बोटांनी चाचपत धातूची नळी तोंडातून श्वासनळीत सरकवली आणि तिच्यातून क्लोरोफॉर्म दिला. कल्पना करा त्या माणसाची!

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये सिडकपच्या हॉस्पिटलात चेहरे उद्ध्वस्त झालेले सैनिक येत. तिथे आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबॉथम यांनी रबरी नळ्या रुळवल्या. मग १९२८ मध्ये अमेरिकेत आर्थर ग्वेडेल आणि राल्फ वॉटर्स यांनी फुगा असलेली नळी मांडली. फुगा हवा रोखतो हे लोकांना पटेना, म्हणून ग्वेडेलने काय करावं? कुत्र्याला भूल दिली, नळी घातली, फुगा फुगवला आणि त्याला पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलं. नंतर कुत्रा शुद्धीवर आला आणि अंग झटकून मोकळा झाला. त्याचं नाव होतं एअरवे!

म्हणजे नळी घालायची कशी, टिकवायची कशी, सगळं सुटलं. पण ज्या फुग्याने फुप्फुसं सांभाळली, तोच श्वासनळीच्या आतल्या नाजूक त्वचेला टेकून बसतो आणि जाग येताना खोकला उठवतो. जुना उपाय नवा बग घेऊन आला, आमच्या धंद्यात हे रोजचंच.

यावरचं एक उत्तर तुमच्या ओळखीचं आहे. दाताच्या डॉक्टरकडे इंजेक्शनने गाल बधिर होतो ना, तेच लिग्नोकेन. काही जण त्याला झायलोकेन म्हणतात. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेनने ते तयार केलं आणि त्याचा तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्टने स्वतःवर टोचून पाहिलं. पुढे १९६३ मध्ये स्टाइनहाउस आणि गॅस्किन यांनी एक अभ्यास छापला: हेच औषध शिरेतून दिलं तर खोकला दबतो. आज अनेक ठिकाणी नळी काढण्याच्या काही मिनिटं आधी ते देतात. आणखी एक युक्ती आहे. फुग्यात हवेऐवजी लिग्नोकेनच भरायचं. प्लास्टिकच्या पातळ पडद्यातून ते हळूहळू झिरपतं आणि नेमकी टेकलेली जागा बधिर करतं. त्यात थोडा सोडा बायकार्बोनेट मिसळला की झिरपणं वाढतं.

काही डॉक्टर रेमिफेन्टानिल किंवा डेक्समेडेटोमिडीन अगदी थोडं चालू ठेवतात. काही जण रुग्ण गाढ झोपेत असतानाच नळी काढतात. पण तिथे धोका असतो: जीभ मागे पडून श्वास अडू शकतो, पोटातलं वर आलं तर फुप्फुसात जाऊ शकतं. पोट भरलेलं असेल किंवा नळी घालतानाच त्रास झाला असेल, तर हा मार्ग नको.

आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न फार जवळचा आहे. तंबाखू, मशेरी, गुटख्यामुळे तोंडाचा कॅन्सर इथे घराघरात माहीत आहे. १९४१ मध्ये परळला सुरू झालेल्या टाटा मेमोरियलमध्ये अशा रुग्णांची रांग असते. मॅकेवनचा रुग्ण अशाच जातीचा. जबडा, जीभ, मान, सगळीकडे टाके, वर सूज. तिथे नळी काढणं म्हणजे स्वतंत्र कामच. २०१२ मध्ये ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीने फक्त नळी काढण्यासाठी सूचना छापल्या. २०१६ मध्ये आपल्या ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशननेही त्यासाठी वेगळा भाग काढला. या सूचना करणाऱ्या गटात टाटा मेमोरियलच्या डॉ. शीला मायत्रा होत्या. मॅकेवनपासून ब्रिटनच्या सूचनांपर्यंत १३४ वर्षं गेली!

नंतर कोरोना आला आणि हाच खोकला ऑपरेशन थिएटरमधल्या प्रत्येकासाठी धोका झाला. नळी काढताना रुग्णावर प्लास्टिकचे पडदे आणि पारदर्शक पेट्या आल्या.

आता आईचं सांगतो. तिला बाहेर आणलं, पट्टी कोरडी होती. घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य, "जेवलास का रे?" मी मॅडमना विचारलं, खोकली का? म्हणाल्या, "दोनदा, हलकंच. अजिबात खोकल्या नसत्या तर मलाच काळजी वाटली असती."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. खोकला हा शत्रू नाही, तो आपल्या फुप्फुसांचा वॉचमन आहे. त्याला कायमचा झोपवला तर लाळ, रक्त, काहीही आत शिरेल. त्याला फक्त नळी निघेपर्यंत थोडं शांत ठेवायचं. दीडशे वर्षांची धडपड त्या काही मिनिटांसाठी आहे.

तुमच्या घरी कुणाचं ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञांपासून काही लपवू नका. सिगारेट, तंबाखू, दमा, आठवडाभरापूर्वीची सर्दी, सगळं सांगा. याने घसा चिडलेला असतो आणि खोकला वाढतो. बाबा सिगारेट ओढतात हे सगळ्यांसमोर बोलायची लाज वाटत असेल तर बाजूला घेऊन सांगा. आणि "जाग येईल ना?" विचारून झालं की पुढचा प्रश्नही विचारा: "नळी कशी काढणार?"

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!