लेण्यात आणि लेण्यांत

मराठी वृत्तपत्रांना लेखनाचे सर्वमान्य नियम मिळायला शतकाहून अधिक काळ जावा लागला. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले, तेव्हा मोल्सवर्थचा शब्दकोश नुकताच आला होता आणि दादोबा पांडुरंगांचे व्याकरण यायला अजून चार वर्षे होती. छापणाऱ्यांनी व्युत्पत्तीचा आधार धरला. देशावरच्या बोलण्यातून नाकातला उच्चार गेला, तरी कागदावरचे टिंब राहिले: एक ‘लेणें’, अनेक ‘लेणीं’, लेण्याद्रीच्या पायथ्याचे ‘गोळेगांव’.

लेण्याद्रीच्या बातमीत हे टिंब थेट आशयाला भिडते. जुन्नरजवळ कुकडीच्या खोऱ्यातील या डोंगरात सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत आणि अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज त्यांतल्या सातव्या लेण्यात आहे. जुन्या पद्धतीत एका लेण्याविषयी लिहिताना ‘लेण्यांत’ आणि सगळ्यांविषयी लिहितानाही ‘लेण्यांत’च. ‘लेण्यांत पाणी शिरलें’ एवढ्यावरून पाणी किती ठिकाणी शिरले, हे वाचकाला कळत नसे.

अनुच्चारित अनुस्वार काढावेत, ही मागणी साने, गोडबोले आणि हातवळणे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लावून धरली. टिळकांनीही ‘केसरी’तून लेखनपद्धतीवर लिहिले. निकाल मात्र १९६२ मध्ये लागला. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम राज्य शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. न उच्चारले जाणारे टिंब गेले, अनेकवचनी सामान्यरूपावरचे राहिले. ‘लेण्यात’ म्हणजे एका, ‘लेण्यांत’ म्हणजे अनेक. बातमीदाराच्या हाती एवढा नेमका भेद एका टिंबाने दिला, ही या नियमांची मोठी कमाई आहे. शेजारच्या ‘आंबेगांव’चे पहिले टिंब उच्चारात असल्याने टिकले, दुसरे गळाले.

ऱ्हस्व-दीर्घाचे दोन नियम तर याच डोंगरावर एकत्र भेटतात. संस्कृतातला ‘अद्रि’ ऱ्हस्व, पण मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार दीर्घ लिहायचा, म्हणून ‘लेण्याद्री’. समासात आधी येणारा तत्सम शब्द मात्र ऱ्हस्वच राहतो. एकटा ‘गिरी’ दीर्घ, पण देवाचे नाव ‘गिरिजात्मज’. वेलांटीची ही अदलाबदल एका ओळीत सांभाळताना सरावलेला मुद्रितशोधकही क्षणभर थांबतो.

हे नियम शासकीय लेखनासाठी आणि पाठ्यपुस्तकांसाठी होते. वृत्तपत्रांनी ते हळूहळू आपलेसे केले. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ मध्ये काढलेल्या ‘सकाळ’ने साध्या भाषेवर आणि गावोगावच्या वार्ताहरांवर भर दिला होता. ‘जुन्नर, ता. ५’ अशा ओळीने सुरू होणाऱ्या मजकुरावर शेवटचा हात उपसंपादकाचा फिरे. ‘जुन्नर’मधला उकार जोडाक्षरापूर्वीचा, म्हणून ऱ्हस्व, जवळच्या ‘ओतूर’चा शेवटून दुसऱ्या अक्षरातला, म्हणून दीर्घ, आणि प्रत्यय लागला की पुन्हा ऱ्हस्व: ‘ओतुरात’. गावाचे नाव मोडू नये म्हणून आता बातम्यांत ‘ओतूरमध्ये’ सर्रास दिसते. चूक टळते, पण मराठीचे एक देखणे रूप त्यात मागे पडत चालले आहे.