खाली ऊब, वर गारवा : हवेच्या एका स्तंभाची गोष्ट

पृथ्वीच्या तापमानवाढीचा पाठ चालू असताना एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, ‘‘सर, सूर्यच जास्त तापला नसेल कशावरून?’’ प्रश्न अगदी रास्त आहे. ‘शास्त्रज्ञ तसे सांगतात’ एवढ्यावर त्याची बोळवण करणे बरे नव्हे. गंमत अशी, की या प्रश्नाच्या उत्तराची किल्ली १९६७ सालच्या एका शोधनिबंधातच आहे. ती कशी हाती लागली, ते आपण पाहू.

स्युकुरो मानाबे यांचा जन्म १९३१ सालचा, जपानमधील एहिमे प्रांतातला. १९५८ साली टोकियो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते जोसेफ स्मॅगोरिन्स्की यांच्या बोलावण्यावरून अमेरिकेच्या हवामान खात्यात गेले. स्मॅगोरिन्स्की यांना साऱ्या पृथ्वीच्या वातावरणाचे गणिती प्रतिमान संगणकावर उभे करायचे होते. पण त्या वेळचे संगणक फारच तोकडे होते. म्हणून मानाबे यांनी आधी हवेचा एकच उभा स्तंभ विचारात घेतला. उंची सुमारे ४० किलोमीटर. त्यात वारे नाहीत, ऋतू नाहीत, समुद्राचे प्रवाह नाहीत. तरीसुद्धा हिशेबाला संगणकाचे शेकडो तास लागले.

हिशेब होता उष्णतेच्या जमाखर्चाचा. उन्हाने जमीन तापते आणि अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता परत टाकते. हवेतील बाष्प व कार्बन डायऑक्साइड तिच्यातली बरीचशी शोषून घेतात आणि काही भाग पुन्हा खाली पाठवतात. रॉबर्ट स्ट्रिकलर यांच्याबरोबर १९६४ साली मानाबे यांनी केवळ किरणांची ही देवघेव धरून गणित मांडले, तेव्हा जमिनीचे तापमान ६० अंश सेल्सियसच्या आसपास आले! प्रत्यक्षात पृथ्वीचे सरासरी तापमान आहे सुमारे १५ अंश. मग काय सुटले होते? पातेल्यातले तापलेले पाणी जसे वर येते, तशी जमिनीलगतची तापलेली हवाही वर चढते आणि उष्णता वर नेते. हे अभिसरण धरण्यासाठी मानाबे यांनी एक साधा नियम घातला : दर किलोमीटर उंचीला तापमान ६.५ अंशांपेक्षा जास्त उतरू द्यायचे नाही. त्यासरशी, ढग न धरताही, जमिनीचे तापमान २७ अंशांवर आले.

डोंगरावर गार वाटते हे मुलांना ठाऊक असते. मात्र हे उतरते तापमान सुमारे १० ते १७ किलोमीटर उंचीपर्यंतच असते. त्याखालचा थर म्हणजे तपांबर. त्याच्यावर स्थितांबर लागते आणि तिथे वर जावे तसे तापमान वाढत जाते. असे का? मानाबे यांनी गणितातून ओझोन वगळून पाहिला, तर वरची ही वाढ नाहीशी झाली. सूर्याचे अतिनील किरण शोषून ओझोनच स्थितांबराला ऊब देतो, हे त्या आकड्यांत स्पष्ट दिसले.

यानंतर १९६७ साली रिचर्ड वेदरल्ड यांच्याबरोबर त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे ३०० भाग धरले आणि ते ६०० केले तर? हवा तापली की तिच्यात बाष्पही जास्त मावते, हेही या वेळी हिशेबात धरले होते. उत्तर आले : जमिनीलगत सुमारे २.३६ अंशांची वाढ. पण त्याच आलेखात वरच्या बाजूला उलटे घडत होते. स्थितांबर थंड होत होते!

कारण जमाखर्चातच आहे. स्थितांबराची मुख्य जमा ओझोनने शोषलेल्या उन्हातून येते. कार्बन डायऑक्साइड मात्र तिथली उष्णता अवकाशात टाकतो, म्हणजे तो खर्चाच्या बाजूला. तो वाढला, की जमा तेवढीच राहून खर्च वाढतो. सूर्यच जास्त तापला असता, तर जमाच वाढून खालचा आणि वरचा असे दोन्ही थर तापले असते. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा निकाल लावायची कसोटी हीच.

कसोटी लावायला उपग्रहांची वाट पाहावी लागली. १९७८ च्या अखेरीपासून त्यांनी वरच्या थरांची तापमाने सातत्याने मोजली आणि स्थितांबर थंड होत असल्याचे दिसले. पण इथे एक अडचण होती. मानवनिर्मित क्लोरोफ्लुरोकार्बन संयुगे ओझोन नष्ट करतात, हा इशारा मोलिना व रोलंड यांनी १९७४ साली दिला होता आणि अंटार्क्टिकावरचे ओझोनचे छिद्र १९८५ साली जगापुढे आले. ओझोन घटला तर जमाच घटते आणि स्थितांबर त्यानेही थंड होते. मग दोष कोणाचा?

उत्तर उंचीत सापडले. खालच्या स्थितांबरातील घट मुख्यतः ओझोनच्या ऱ्हासामुळे होती. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर घातक संयुगांना आळा बसला आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिथली घट जवळपास थांबली. २५ किलोमीटरच्या वर मात्र थंड होणे चालूच राहिले. १९८६ ते २०२२ या काळात तिथले तापमान सुमारे २ अंशांनी उतरले. सूर्याच्या प्रारणाची उपग्रहांनी केलेली मोजणीही या सगळ्या काळाची उपलब्ध आहे. तिच्यात साधारण ११ वर्षांचा चढउतार दिसतो, सतत चढण दिसत नाही.

मानाबे यांना २०२१ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्यासोबत ते क्लाउस हासेलमान आणि जॉर्जिओ पारिसी यांनाही विभागून देण्यात आले. निरनिराळी कारणे हवामानावर आपापले ठसे उमटवतात आणि ते वेगळे ओळखता येतात, हे हासेलमान यांनी दाखवले होते.

वर्गात हा विषय घेताना आपण फळ्यावर उंची आणि तापमानाचा आलेख काढू या. ‘सूर्य तापला तर’ आणि ‘कार्बन डायऑक्साइड वाढला तर’ असे दोन आलेख मुलांना स्वतःच तर्काने काढू द्यावेत आणि मोजमापे त्यानंतरच सांगावीत. कोणता आलेख जुळतो, हे मग आपल्याला सांगावे लागणार नाही.